मासे आणण्याआधी रिकामी टाकी महिनाभर का चालवायची? टाकीची 'सायकल' सोप्या भाषेत

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत एका घराची वास्तुशांत झाली. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला नवी कोरी दोन फुटी काचेची टाकी, खाली निळी-पांढरी खडी, एक प्लॅस्टिकचं झाड, बुडबुडे सोडणारा शिंपला आणि सहा गोल्डफिश. शनिवारी सगळं बसवलं, रविवारी पाहुण्यांची पोरं काचेला नाक लावून उभी, मंगळवारी पाणी ताक ओतल्यासारखं पांढरट, बुधवारी दोन मासे तरंगले आणि शुक्रवारपर्यंत पाच गेले. त्या घरच्या काकूंनी मला बोलावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "बघ की रे, सासूबाई म्हणायल्यात घरावर काहीतरी येणार होतं ते माशांनी अंगावर घेतलं. वास्तूत काही दोष हाय काय?"

काकू, वास्तूत काही दोष नाही. दोष टाकीत होता, आणि तोही तुमचा नव्हे, कारण तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. दुकानात तुम्ही विचारलंही होतं म्हणे, की लगेच सोडले तर चालतंय काय, आणि उत्तर मिळालं "एन आगंगिल्री, हाक्रि", म्हणजे काही होत नाही हो, टाका. मी बारावीत असताना मलाही असंच उत्तर मिळालं होतं, आणि चार मॉली (छोटे शोभेचे मासे) आठवड्याच्या आत गेल्या. वहीच्या पुठ्ठ्यावर घेऊन परसात पुरल्या, तेव्हाही घरात हेच बोलणं झालं होतं की मुके जीव आपलं संकट घेऊन गेले. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, हे ऐकायला मिळतंच. म्हणून जरा सविस्तर लिहायलोय, लांबलं तरी वाचा, कारण यातलं विज्ञान अवघड नाही आणि आपल्या शेतात, आपल्या स्वयंपाकघरात रोज चालणाऱ्या गोष्टींसारखंच आहे.

मासा जिथं खातो तिथंच त्याचं सगळं

नदीत मासा राहतो तेव्हा त्याची घाण वाहून जाते, पसरते, मातीत मुरते. टाकीत ती कुठं जाणार? चाळीस लिटर पाण्यात मासा खातो, त्याच पाण्यात श्वास घेतो आणि त्याच पाण्यात त्याचं मलमूत्र. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे अमोनिया. गोठ्यात पहाटे दार उघडल्यावर जो नाकात झणका बसतो ना, डोळ्यातनं पाणी येतं, तोच हा अमोनिया. मासे तो मुख्यतः कल्ल्यातनं बाहेर टाकतात, म्हणजे श्वासाबरोबर चोवीस तास चालूच. वरनं आपण प्रेमानं टाकलेलं जास्तीचं खाणं खाली कुजतं, त्याचाही अमोनियाच होतो.

आता अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक मोकळा अमोनिया, तो विषारी, कल्ले भाजून काढतो. दुसरा अमोनियम, तो त्यामानानं बराच सौम्य. साप तोच, एक मोकळा सुटलेला आणि एक टोपलीत झाकलेला, असं समजा. किती मोकळा आणि किती झाकलेला हे पाण्याच्या पीएचवर ठरतं, म्हणजे पाणी आंबट बाजूला आहे की साबणासारख्या बाजूला आहे यावर (आकडा वर गेला की साबणाची बाजू). पंचवीस डिग्रीला पीएच 7 असेल तर शंभरातला एक भागसुद्धा मोकळा नसतो, पीएच 8 ला साधारण पाच भाग मोकळे होतात, आणि 9 ला तर तिसऱ्या हिश्शाच्या वर. म्हणजे तेवढाच अमोनिया, पण पीएच 7 च्या जागी 8 असला की धोका जवळजवळ दहापट. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा, कारण बोअरचा पीएच बऱ्याचदा वरच्या अंगाला असतो.

काकूंच्या टाकीत सहा गोल्डफिश होते आणि गोल्डफिश हा फार खाणारा, फार घाण करणारा मासा. पाच दिवस तो अमोनिया साठत गेला आणि त्याला कुणी खाणारं टाकीत नव्हतं.

खाणारं म्हणजे कोण? उसाच्या शेतात बघा

आपल्याकडं ऊस लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उसाला युरिया टाकला की तो जसाच्या तसा मुळात जात नाही. मातीत आधी त्याचा अमोनिया होतो, मग मातीतले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते नायट्रेट पीक भराभर उचलतं. टाकीत हवं आहे ते नेमकं हेच. पहिल्या गटातल्या जिवाणूंचं नाव नायट्रोसोमोनास, दुसऱ्या गटातल्यांचं नायट्रोस्पायरा. नावं विसरलात तरी चालेल, दोन पायऱ्या आहेत एवढं विसरू नका: अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. या फेऱ्यालाच नायट्रोजन सायकल म्हणतात आणि टाकीत हा फेरा सुरू करून देण्याला मासेवाले 'टाकी सायकल करणं' म्हणतात. सायकलचा चाकांशी काही संबंध नाही.

सरकारनं 2015 पासून देशातल्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा केला, तो कशासाठी? शेतात हेच जिवाणू फार जोरात काम करतात, सगळं नायट्रेट एकदम होऊन पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून त्यांना जरा थोपवायला, हे त्याचं एक कारण. शेतात ज्यांना आवरावं लागतं त्यांनाच टाकीत हातापाया पडून बोलवावं लागतं. तेव्हा माशाला बुरशी आली म्हणून कुणी कडुलिंबाचा पाला किंवा तेल टाकीत घालायला सांगितलं तर ऐकू नका.

हे जिवाणू वेगळे काढून दाखवले सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं, 1890 च्या सुमारास, मातीवर काम करताना. टाकीत दुसरी पायरी करणारा कोण यावर मात पुढची शंभर वर्षं गैरसमज होता. सगळी पुस्तकं नायट्रोबॅक्टर सांगायची, 1998 मध्ये टिमथी होवानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाकीत हे काम नायट्रोस्पायरा करतो. आणि 2015 मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकटाच करणारा नायट्रोस्पायराही सापडला, त्यातला एक मत्स्यपालनाच्या फिल्टरमधल्या थरातच. मला हे वाचल्यावर फार भारी वाटलं होतं, आपण ज्याला फिल्टरच्या स्पंजवरची घाण म्हणून नळाखाली धुतो त्यात एवढं सगळं चाललेलं असतंय.

आता मधल्या नायट्राइटबद्दल दोन शब्द, कारण तोही विषारीच. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामाचं ठेवत नाही. रक्त तपकिरी पडतं, कल्ले चॉकलेटी दिसायला लागतात, आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. मासे वर येऊन पाण्याच्या तोंडाशी धापा टाकतात ते बऱ्याचदा यामुळं. शेवटचं नायट्रेट मात्र बरंच सौम्य, ते आठवड्याला थोडं पाणी बदलून काढून टाकता येतं, वीस-चाळीस पीपीएमच्या आत ठेवलं की झालं. पीपीएम म्हणजे एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम.

विरजण आणि वेळ

दुधाचं दही आपोआप होत नाही, विरजण लागतं आणि वेळ लागतो, आणि डिसेंबरात तर भांडं कापडात गुंडाळून डब्यात ठेवावं लागतं. टाकीचं अगदी तसंच आहे. नवी टाकी म्हणजे ताजं दूध, त्यात विरजण नाही. फरक एवढाच की दह्याचे जिवाणू रात्रीत काम उरकतात आणि हे आपले नायट्रोजनवाले फार सावकाश वाढतात. पोट बिघडवणारे काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. कारण त्यांचं अन्नच तसं निकस आहे, अमोनिया जाळून जेवढी ताकद मिळेल तेवढ्यावर जगायचं. म्हणून चार ते सहा आठवडे. यात घाई करता येत नाही, फक्त मदत करता येते.

ते पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. जुन्या विहिरीच्या पायरीवर पाय घसरतो तो जो बुळबुळीत थर असतो, तशा प्रकारचा पातळ थर. स्पंजचं प्रत्येक भोक, खडीचा प्रत्येक दाणा ही त्यांची घरं. म्हणून 'जुन्या टाकीतलं पाणी आणून ओतलं' याचा फार उपयोग नाही, जुन्या टाकीतला मळका स्पंज आणला तर मात्र खरं विरजण मिळालं.

नक्की करायचं काय

टाकी दोन फुटी (दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच) असली तर काचेच्या मापानं साडेछप्पन लिटर होतात, पण वरची मोकळी जागा आणि खडी जाऊन पाणी चाळीस-पंचेचाळीस लिटरच बसतं. अंदाज नको, पहिल्यांदा भरताना बादल्या मोजा आणि कागदावर लिहून टाकीच्या मागं चिकटवा, पुढं प्रत्येक हिशोबाला लागणार. मी इथं चाळीस लिटर धरतोय.

पाणी कुठलं? बेळगाव शहरात नळाला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं आणि ते क्लोरीन घालूनच येणार, आपण पितो म्हटल्यावर ते घातलंच पाहिजे. पण क्लोरीनचं कामच जिवाणू मारणं, ते आपले-परके बघत नाही. उघड्या ड्रममध्ये किंवा बादलीत चोवीस तास ठेवलं आणि त्यात एअर पंपाची नळी सोडली की साधं क्लोरीन उडून जातं, किंवा दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून जी छोटी बाटली मिळते तिचे थेंब घाला, आत बहुतेक सोडियम थायोसल्फेट असतं, ते मिनिटांत काम करतं. झाकलेल्या सिंटेक्समध्ये चार दिवस पाणी होतं म्हणून क्लोरीन गेलंच असेल असं धरू नका. बोअर किंवा विहीर असेल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, पण बोअरच्या पाण्यात हवा कमी असते, रात्रभर बुडबुडे सोडून मग वापरा. आणि शेतीच्या भागातली विहीर असेल तर खताचं नायट्रेट पाण्यात आधीच असू शकतं. म्हणून पाणी तपासायचं किट (त्याबद्दल पुढं सांगतो) आणल्यावर पहिली टेस्ट टाकीची करू नका, घरच्या पाण्याची करा.

फिल्टर म्हणून साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप, लहान टाकीला याहून चांगलं आणि स्वस्त काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तो चोवीस तास चालू पाहिजे. रात्री आवाज येतो म्हणून बंद करणारे लोक मला माहीत आहेत, पण जिवाणूंनाही हवा लागते हो, आठ-दहा तास बंद ठेवला की रोज थोडे थोडे मरणार. छोटा एअर पंप पाच वॅटच्या आसपास खातो, इन्व्हर्टरवर आरामात चालतो, आणि पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं रात्र रात्र करंट नसतो तिथल्या लोकांनी बॅटरीचा एक पंप जवळ ठेवावा. लाइट मात्र या महिन्यात लावायची गरज नाही, उगीच शेवाळ होतं.

आता जिवाणूंना खायला अमोनिया पाहिजे आणि टाकीत मासे तर नाहीत. पूर्वी लोक एकदोन 'कणखर' मासे सोडायचे आणि ते तगले तर सायकल झाली म्हणायचे. मेले तर मेले. मला हे पटत नाही, महिनाभर त्या जिवाला विषात ठेवायचं कशासाठी? दुसरा रस्ता आहे की.

कल्हईवाला आठवतो? दारात भाता लावून बसायचा, तापलेल्या भांड्यात पांढरी पूड टाकायचा आणि भसकन धूर यायचा. ती पूड म्हणजे नवसागर, आणि नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तेच आपल्याला पाहिजे. फक्त कल्हईचा किंवा किराणा दुकानातला घेऊ नका, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, प्रयोगशाळेला केमिकल पुरवणाऱ्या दुकानातनं शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्या, अगदी थोडं लागतं. पाच ग्रॅम घेऊन दोनशे मिली पाण्यात विरघळवा, बाटलीवर ठळक अक्षरात 'पिऊ नये' लिहा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. या द्रावणाचे दहा मिली, म्हणजे दहाची एक सिरिंज भरून, चाळीस लिटरमध्ये घातले की अमोनिया साधारण 2 पीपीएम होतो. हिशोब असा: दहा मिलीत अडीचशे मिलिग्रॅम नवसागर, त्यातनं ऐंशीच्या आसपास मिलिग्रॅम अमोनिया, भागिले चाळीस. तुमची टाकी वीस लिटरची असेल तर पाच मिली. जास्त घातलं तर लवकर होईल असं नाही, चार-पाच पीपीएमच्या वर गेलं की उलट दुसऱ्या पायरीचे जिवाणू दबतात.

नवसागर नाहीच मिळाला तर रोज चिमूटभर माशाचं खाणं टाका, मासे असल्यासारखं. ते कुजून अमोनिया होतो. हे चालतं, पण मोजमाप राहत नाही, बुरशी धरते, वास येतो आणि वेळही जास्त लागतो.

शेवटची गोष्ट टेस्ट किट. थेंबांचं घ्या, पट्ट्यांपेक्षा भरवशाचं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच या चारी टेस्ट असाव्यात. काचेच्या नळीत पाणी, त्यात थेंब, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डाशी जुळवायचा. लोक टाकीच्या स्टँडला, लाइटला भरपूर पैसे घालतात आणि किटला नको म्हणतात. मला विचाराल तर स्टँड साधा घ्या पण किट घ्या, कारण अमोनियाला ना रंग ना या प्रमाणात वास, डोळ्याला काही कळत नाही.

कॅलेंडरवर काय काय दिसणार

पहिला आठवडा काहीच होत नाही. दोन पीपीएम घातला, दोनच दिसतो. मध्येच पाणी पांढरट होईल, ते वेगळेच भराभर वाढणारे जिवाणू असतात, चार-सहा दिवसांत आपोआप निवळतं, पाणी बदलू नका. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास एक दिवस अमोनिया जरा उतरलेला दिसतो आणि नायट्राइटच्या नळीत निळ्याच्या जागी जांभळट झाक येते. मी पहिल्यांदा नीट सायकल केली तेव्हा ती झाक बघून आईला स्वयंपाकघरातनं बोलावून दाखवली होती.

त्यानंतर सगळ्यात कंटाळवाणा भाग. अमोनिया घातला की उतरतो, तुम्ही परत अर्धा डोस देता, परत उतरतो, पण नायट्राइट चढतच राहतो, किटचा रंग कार्डाच्या बाहेर जातो. दोन-तीन आठवडे असं चालू शकतं. बहुतेक लोक इथं हरतात आणि मासे आणतात, नेमक्या सगळ्यात विषारी पाण्यात. थांबा. दुसरा गट उशिरा सुरू होतो कारण पहिल्यानं नायट्राइट केल्याशिवाय त्याला खायलाच नसतं. मग एक दिवस, बऱ्याचदा एकाएकी, दोन-तीन दिवसांत नायट्राइट कोसळतो आणि नायट्रेटची नळी पिवळ्याची केशरी-लाल होते.

झालं हे कसं ओळखायचं? रात्री पूर्ण डोस द्या, दोन पीपीएम. दुसऱ्या रात्री त्याच वेळेला टेस्ट करा. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आला, दोन-तीन दिवस ओळीनं आला, तर टाकी तयार. नायट्रेट खूप साठलेलं असेल, तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी क्लोरीन काढलेल्या पाण्यानं बदला आणि एक-दोन दिवसांत मासे आणा, कारण जिवाणूंना आता रोज जेवण पाहिजे. लग्नाला गावाला जायचं असेल तर परत येईपर्यंत कुणालातरी दिवसाआड थोडं नवसागराचं पाणी घालायला सांगून जा.

मध्येच अडकलं तर

दोन कारणं बघा. एक, थंडी. या जिवाणूंना पंचवीस ते अठ्ठावीस डिग्री आवडतं आणि बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधराच्या आसपास येतो, टाकी फरशीजवळ असेल तर पाणी चांगलंच गार पडतं. हीटर लावा, नाहीतर उन्हाळ्यात सुरू करा, मार्च-एप्रिलात आमच्याकडं हीटरशिवाय सहज होतं. दोन, पीएच पडणं. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला क्षार खर्च होत जातो, पावसाचं धरणाचं मऊ पाणी असेल तर पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि सहाच्या जवळ गेला की काम जवळपास ठप्प. अर्धं पाणी बदला, किंवा चिमूटभर खायचा सोडा पाण्यात विरघळवून घाला आणि दुसऱ्या दिवशी मोजा. कोकणात-गोव्यात गेलात तर समुद्रावरचे थोडे शिंपले आणून स्वच्छ धुऊन फिल्टरजवळ ठेवा, ते हळूहळू विरघळून पीएच धरून ठेवतात.

"आमच्या विहिरीत मासे असेच जगतात की"

जगतात, कारण तिथं पाणी हजारो लिटर, मासे मोजके, आणि दगडाच्या भिंतीवर, तळच्या गाळात कित्येक वर्षांचा तोच बुळबुळीत थर. डासांसाठी विहिरीत गप्पी सोडतात आणि त्यांना कुणी काही घालत नाही, तरी पिढ्यानपिढ्या टिकतात. बेळगावच्या टिळकवाडीतली काँग्रेस विहीर काँग्रेसच्या 1924 च्या अधिवेशनासाठी खोदली, म्हणजे तिच्या दगडांना शंभर वर्षं मिळालीत. आपण शनिवारी बसवलेल्या काचेला पाच दिवस दिले.

"मग रोज पाणी बदललं तर?"

सगळं पाणी रोज बदललं, खडी काढून धुतली, स्पंज नळाखाली पिळला, तर टाकी रोज नवी होते. विरजणाचं भांडं रोज घासून ठेवायचं आणि दही का लागत नाही विचारायचं, तसं ते. शिवाय तापमान, पीएच रोज उलटसुलट झाल्यानं मासा वेगळाच खचतो. सायकल झालेल्या टाकीला आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं की बास. आणि फिल्टर मळला तर त्याच काढलेल्या टाकीच्या पाण्यात दोनदा दाबून परत लावायचा, नळाखाली कधीच नाही. ते काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, कढीपत्त्याला, जास्वंदीला घाला, त्यात नायट्रेट आहे.

"बाटलीतले जिवाणू मिळतात, ते घालून लगेच मासे?"

काही चांगले असतात, काहींचा काही उपयोग होत नाही, आणि बाटली दुकानात किती महिने उन्हात-गरमीत होती हे आपल्याला कळत नाही. घाला, हरकत नाही, पण मग किटनं तपासा. ओळखीत कुणाकडं वर्षभर चाललेली निरोगी टाकी असेल तर त्यांचा अर्धा स्पंज मागून आणा, ओल्या पिशवीत, तासाभरात. शेजारी विरजण मागायला लाज कसली? यानं महिन्याचं काम एक-दोन आठवड्यांवर येतं. फक्त ज्या टाकीत मासे आजारी आहेत तिथलं काही आणू नका.

"झाडं लावली तर सायकल लागत नाही म्हणे"

अर्धं खरं. भरभर वाढणारी खरी झाडं अमोनिया सरळ उचलतात, हायड्रिलासारखी झाडं तर यात फार पटाईत. भरपूर झाडं, चांगला लाइट आणि मोजके मासे असतील तर टाकी खूप सोपी जाते. दोन काड्या लावल्या म्हणून सायकल टळत नाही, आणि प्लॅस्टिकचं झाड काहीच उचलत नाही.

"बेटा तर बाटलीत जगतो"

बेटा, म्हणजे फायटर मासा, वरची हवा घेऊ शकतो, त्याला तसा अवयव आहे, म्हणून थोड्या पाण्यात गुदमरत नाही. पण अमोनिया त्याचेही कल्ले जाळतो. बाटलीत तो जगत नसतो, सावकाश मरत असतो. मुलांना वाढदिवसाला काचेच्या गोळ्यात मासा देणं कृपा करून थांबवा, त्याच पैशात किट आणि स्पंज फिल्टर द्या आणि महिनाभर रोज रंग बघायला लावा. पोरं थांबत नाहीत म्हणतात ते खरं नाही, काकूंचा नातू आता रोज संध्याकाळी सातला नळीत थेंब घालतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहितो. परवा त्याचा नायट्राइट चढायला लागलाय.

तयार टाकीतही सगळे मासे एकदम सोडू नका. आधी चार-पाच छोटे, गप्पी किंवा झेब्रा डॅनिओ, मग दोन आठवड्यांनी किट शून्य दाखवत असेल तर अजून थोडे. गोल्डफिश चाळीस लिटरला नकोतच, तो मोठा होणारा मासा आहे.

मासे आधीच आणलेत, आता?

घाबरू नका, वाचवता येतात. काकूंचा सहावा वाचला, तो सध्या माझ्या मोठ्या टाकीत आहे. खाणं एकदम कमी करा, एकदोन दिवस नाही घातलं तरी मोठा मासा उपाशी मरत नाही. रोज टेस्ट, आणि अमोनिया किंवा नायट्राइट अर्ध्या पीपीएमपर्यंत गेला की तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी बदला, क्लोरीन काढून, टाकीच्या पाण्याएवढंच कोमट-गार बघून. नायट्राइट चढला असेल तर लिटरला एक ग्रॅम खडे मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून घाला, मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातनं आत शिरू देत नाही. पुढं पाणी बदलाल तेव्हा जेवढं पाणी नवीन तेवढ्याचंच मीठ. बुडबुडे जास्त सोडा. मेलेला मासा लगेच काढा, कुजला की उरलेल्यांवर येतं. फिल्टर धुऊ नका. हे सगळं चार-सहा आठवडे करावं लागेल, पण या काळात जिवाणू वाढतच असतात.

आणि मासे आत्ता वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर किटची वाट बघू नका, आधी अर्धं पाणी बदला, मग दुकानात जा.